उशिरा दुखणारे ॲसिड

स्टेनलेस स्टीलला वेल्डिंग केले की जोडाच्या दोन्ही बाजूंना निळसर-सोनेरी पट्टा उमटतो. गिऱ्हाइकाला तो नको असतो. हॉटेलातले टेबल असो, दुधाची टाकी असो की जिन्याचे रेलिंग, स्टील चकचकीतच हवे. आणि हा नुसता नखरा नाही. उष्णतेने त्या पट्ट्याखालच्या थरातले क्रोमियम कमी झालेले असते. तो थर काढला नाही, तर न गंजणारे म्हणून विकलेले स्टील नेमके जोडापाशी गंजते. म्हणून फॅब्रिकेशनवाले जोडावर ब्रशने पांढरट लगदा फासतात, अर्धा-पाऊण तास थांबतात आणि पाण्याने धुऊन टाकतात. पट्टा गेलेला असतो.

बेळगावात टिळकवाडीतून तिसरे रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याने थोडे पुढे गेले की उद्यमबाग लागते. फाउंड्र्या, लेथ, हायड्रॉलिकची कामे, आणि त्यांच्या आधाराने वाढलेली दोन-चार माणसांची असंख्य वर्कशॉप. अशा वर्कशॉपांत या लगद्याचे पूर्ण नाव कुणी घेत नाही. ‘पिकलिंग पेस्ट’, किंवा नुसतीच ‘पेस्ट’. तिच्यात दोन ॲसिडे असतात. एक नायट्रिक, ते सगळ्यांना माहीत असते, कारण सोनाराकडे असते आणि अंगावर पडले की लगेच झोंबते. दुसरे हायड्रोफ्लुओरिक. पेस्टमध्ये त्याचे प्रमाण बहुधा शेकडा दोन ते आठ, म्हणजे दिसायला किरकोळ. हे प्रकरण त्या किरकोळ दिसणाऱ्या भागाबद्दल आहे.

काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर एक तरुण बसलेला असतो. पायात स्लीपर. हातात दवाखान्यात मिळतात तसले पातळ रबरी मोजे, तेही एकाच हातात, कारण दुसऱ्याने नळी धरायची असते. ब्रशने जोडावर पेस्ट फासून झाली की तो मोजा काढून खिशात कोंबतो, चंची उघडतो आणि त्याच तळहातावर तंबाखू मळायला घेतो. निपाणीची पेठ इतकी जवळ असताना तंबाखू मळू नको असे कोण सांगणार? हात धू म्हटले तर उत्तर तयार असते: ‘काय होत न्हाई ओ, रोजचंच हाय.’ आणि खरेच, त्या क्षणी काही होत नाही. घोटाळा तिथेच आहे.

इतर ॲसिडे माणसाला लगेच सावध करतात. गंधकाम्ल किंवा मिठाचे आम्ल त्वचेवर पडले की चटका बसतो, माणूस ओरडतो आणि नळाकडे धावतो. हायड्रोफ्लुओरिक ॲसिडाचा स्वभाव वेगळा आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबात ते ‘दुर्बल’ आम्ल ठरते, कारण पाण्यात त्याचे रेणू फारसे फुटत नाहीत. पण ही दुर्बलताच घातक आहे. न फुटलेला रेणू लहान आणि विद्युतभाररहित असतो, त्यामुळे तो त्वचा फारशी न जाळता तिच्यातून आत उतरतो. चरबीच्या थरातून, नखाखालून, स्नायूपर्यंत, कधी हाडापर्यंत. आत गेल्यावर मग तो फुटतो आणि फ्लोराइड मोकळे होते.

द्रावण शेकडा ५० हून तीव्र असेल तर वेदना तत्काळ सुरू होतात. २० ते ५० च्या दरम्यान असेल तर एक ते आठ तासांनी. २० च्या खाली असेल तर कधी कधी चोवीस तासांनीसुद्धा. पेस्ट नेमकी या शेवटच्या गटात मोडते. दुपारी बोटाला लागलेली पेस्ट रात्री जेवण उरकल्यावर दुखायला लागते, आणि ते दुखणे वरच्या जखमेच्या मानाने फारच मोठे असते. वर नुसती लाली, आत हाड ठणकते. नायट्रिक ॲसिडामुळे कातडीवर पिवळा डाग पडलेला असतो. घरचे आणि पुष्कळदा डॉक्टरही त्या डागाकडेच पाहतात. साधे भाजले आहे असे समजून मलम लावून माणूस परत पाठवला जातो.

फ्लोराइडची कॅल्शियमशी असलेली ओढ हा या साऱ्याचा गाभा. कॅल्शियम दिसले की फ्लोराइड त्याला बांधून टाकते आणि त्याचे न विरघळणारे कॅल्शियम फ्लोराइड होते. मॅग्नेशियमचीही तीच गत. आपल्या हाडांत किलोभर कॅल्शियम असते खरे, पण पेशींबाहेरच्या द्रवांत, रक्तासह, जे मोकळे फिरते ते मोठ्या माणसात जेमतेम १ ग्रॅम. तेवढे बांधून टाकायला साधारण १ ग्रॅम फ्लोराइड पुरते. रक्तातले कॅल्शियम घसरले आणि पोटॅशियम वाढले की हृदयाची लय बिघडते. तीव्र हायड्रोफ्लुओरिक ॲसिडाने अंगाचा दोन-तीन टक्के भाग, म्हणजे दोन-तीन तळहातांएवढी जागा, भाजून माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. भाजून कुणी मरायचे तर अर्धे अंग जळायला हवे, असा आपला समज असतो. इथे मृत्यू जखमेने येत नाही, हृदय थांबल्याने येतो.

पेस्टच्या एका थेंबाने असे होणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पेस्टचा रोजचा धोका बोटांचा, नखांचा आणि डोळ्यांचा आहे. पण उद्यमबागेसारख्या ठिकाणी डबा संपला की स्वस्तात घरीच पेस्ट बनवायची म्हणून कुणीतरी तीव्र ॲसिडाचा कॅन आणतो, आणि तिथे हिशेब बदलतो.

या ॲसिडाची कहाणी खनिजापासून सुरू होते. फ्लोरस्पार नावाचा, कधी जांभळा कधी हिरवट, देखणा दगड धातू वितळवताना मळी पातळ करण्यासाठी युरोपातले भट्टीवाले शतकानुशतके वापरत. आपल्याकडे तो गुजरातेत आंबाडोंगरला सापडतो, महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला. १७७१ मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीलेने हा दगड गंधकाम्लाबरोबर काचेच्या पात्रात तापवला, तेव्हा पात्राची काचच खाल्ली गेली. आजही हायड्रोफ्लुओरिक ॲसिड याच दोन गोष्टींपासून बनते. ते काचेच्या बाटलीत का ठेवता येत नाही, याचे उत्तर शीलेच्या त्या पात्रात आहे: काचेतल्या सिलिकाशी ते लढते आणि तिचे वायूत रूपांतर करून टाकते. म्हणून पॉलिथिलीन किंवा टेफ्लॉनचेच डबे.

पुढे या ॲसिडातून फ्लुओरीन हे मूलद्रव्य सुटे करण्याच्या नादात अनेक शास्त्रज्ञ आजारी पडले, काही मेले. आयर्लंडचे जॉर्ज आणि टॉमस नॉक्स हे बंधू १८३० च्या दशकात या वायूने जबर विषबाधा होऊन मरणाच्या दारातून परतले. बेल्जियमचा पॉलिन लुयेत आणि फ्रान्समधल्या नान्सीचा जेरोम निक्लेस हे दोघे प्राणाला मुकले. अखेर २६ जून १८८६ रोजी आंरी म्वासाँने पॅरिसमध्ये फ्लुओरीन वेगळा केला आणि १९०६ मध्ये त्याबद्दल नोबेल मिळवले. ही सारी माणसे आपापल्या काळातली निष्णात होती. त्यांना कमी पडले ते ज्ञान आज कुठल्याही वर्कशॉपला फुकट उपलब्ध आहे, एवढाच फरक.

त्याच १८८६ मध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचा बेळगावशी थेट संबंध आहे. अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न सांगता ॲल्युमिनियम विजेने वेगळे करण्याची तीच एक पद्धत शोधून काढली. ॲल्युमिना सहजी वितळत नाही, पण क्रायोलाइट नावाच्या फ्लोराइडच्या क्षारात साधारण ९५० अंशांना तो विरघळतो आणि मग वीज सोडता येते. सत्तरच्या दशकात यमनापूरला इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने याच पद्धतीच्या वितळभट्ट्या उभ्या केल्या. बेळगावकरांच्या तोंडी ती अजून ‘इंडाल’ आहे, जरी कंपनी २००० पासून हिंडाल्कोकडे गेली आणि भट्ट्याही पुढे बंद झाल्या. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करणारा कारखाना मात्र चालू आहे.

ॲल्युमिनियमच्या भट्टीतून हायड्रोजन फ्लोराइडचा वायू आणि फ्लोराइडची धूळ निघतेच. जगभर या उद्योगाने ती कशी अडवायची हे हळूहळू शिकून घेतले, आणि तोडगा मोठा हुशार निघाला: भट्टीत टाकायचा ॲल्युमिनाच आधी धुराच्या वाटेत ठेवायचा. तो फ्लोराइड शोषून घेतो आणि मग भट्टीतच जातो. जे हवेत जाऊन गवत, गुरे आणि माणसांच्या हाडांत उतरले असते ते परत कामाला लागते. हाडांचे म्हणाल, तर कोपनहेगनच्या क्रायोलाइट कारखान्यातल्या कामगारांच्या क्ष-किरण चित्रांत १९३२ मध्ये हाडे भलतीच दाट आणि पाठीचे कणे ताठर झालेले दिसले. काय रोहोल्म या डॅनिश डॉक्टरने १९३७ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी आपल्याकडे नेल्लोर भागातल्या खेड्यांत हाच आजार विहिरीच्या पाण्यातून होतो, असे प्रसिद्ध झाले.

पाण्यातल्या फ्लोराइडचा विषय स्वतंत्र प्रकरणाचा आहे, म्हणून इथे थोडक्यात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर दीड. बागलकोट, विजयपूर, कोप्पळ, रायचूर, आणि महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड इथल्या कित्येक विंधन विहिरी ही मर्यादा ओलांडतात. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत सत्तरच्या दशकात काढली. बेळगाव शहराचे पाणी राकसकोप आणि हिडकल या धरणांचे, पावसाचे. आमच्याकडचा फ्लोराइडचा धोका नळातून येत नाही, डब्यातून येतो.

डब्यांवर काय लिहिले आहे, हे किती महत्त्वाचे ठरू शकते याची दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही परदेशातली, दोन्ही गोंधळाची.

१८ नोव्हेंबर १९४२. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सेलम इथले सरकारी मनोरुग्णालय. संध्याकाळच्या जेवणाला अंड्याची बुर्जी होती. कोठारातून दुधाची भुकटी आणायला गेलेल्या माणसाने झुरळे मारायची पावडर आणली. ती सोडियम फ्लोराइड होती. तीही पांढरी, तशीच बारीक, आणि ठेवलेली खाद्यपदार्थांच्या तळघरात. काही मिनिटांत लोक उलट्या करू लागले. २६३ जणांना बाधा झाली, ४७ मेले.

दुसरे उदाहरण १९८२ चे, तोक्योजवळच्या हाचिओजी शहरातले. लहान मुलांच्या दातांना कीड लागू नये म्हणून सोडियम फ्लोराइडचे द्रावण लावतात. एका दंतवैद्याच्या दवाखान्यात औषध मागवताना नावात गफलत झाली आणि हायड्रोफ्लुओरिक ॲसिडाची बाटली आली. ते तीन वर्षांच्या मुलीच्या दातांना लावले गेले आणि ती गेली.

एकाच कुळातली ही रसायने. एक टूथपेस्टमध्ये नेमक्या मात्रेत उपयोगी पडते, दुसरे मुलीचा जीव घेते. भारतात टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला दहा लाख भागांत हजार भागांची मर्यादा आहे. तरीसुद्धा दहा किलो वजनाच्या मुलाने अशी पन्नास ग्रॅमची नळी खाऊन संपवली, तर त्याला दवाखान्यात न्यायला हवे.

आता आपल्याकडचे डबे. बेळगावात दुकानाची पाटी कन्नडमध्ये की मराठीत यावरून किती पिढ्या भांडल्या ते नव्याने सांगायला नको. मी पाहिलेल्या पेस्टच्या डब्यांवर या दोन्ही भाषा नव्हत्या. इंग्रजीत बारीक अक्षरांत इशारा, एक कवटी, आणि ॲसिडाने गळणाऱ्या हाताचे चित्र. वापरणारा खानापूर तालुक्यातला मराठी मुलगा, बैलहोंगलचा कानडी किंवा थेट ओडिशातून आलेला. तिघांपैकी कुणालाच तो इशारा वाचता येत नाही. शिवाय मोठा डबा महाग पडतो म्हणून पेस्ट पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत वाटून घेतली जाते आणि मग चित्रही मागे राहते. माझ्या मते या रसायनाच्या बाबतीत सर्वांत धोकादायक वस्तू कोणती, तर ही बिनलेबलाची बाटली.

फक्त वर्कशॉपमध्येच हे रसायन असते असेही नाही. मोटारीच्या काचेवर चासी नंबर कोरून देणारे लोक जे मलम वापरतात, त्यात बहुधा अमोनियम बायफ्लोराइड असते. ओलाव्यात त्यातूनही हायड्रोफ्लुओरिक ॲसिडच तयार होते. अलॉय व्हील चकचकीत करणारे काही द्रव, लॉन्ड्रीत गंजाचे डाग काढायची काही औषधे, यांतही ते सापडते. धुणेवाल्याला गंजाचा डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिड पुरते. तेही विषारीच, पण असे दडून आत शिरणारे नाही.

वायूच्या रूपात हे ॲसिड काय करते ते दक्षिण कोरियातल्या गुमी शहराने पाहिले. २७ सप्टेंबर २०१२ रोजी एका रसायन कारखान्यात टँकरमधून निर्जल हायड्रोजन फ्लोराइड उतरवताना झडप उघडली गेली आणि सुमारे ८ टन वायू सुटला. पाचजण मेले. काम करणाऱ्यांनी संरक्षक पोशाख घातलेले नव्हते. आग विझवायला आल्यासारखे अग्निशामक दलाने पाणी मारले, कारण निष्प्रभ करायला लागणारा चुना जवळ नव्हता. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना लवकर परत पाठवले गेले. पुढे भाताची आणि द्राक्षांची पिके करपली, गुरे आजारी पडली, हजारो लोक तपासणीला रांगेत उभे राहिले. शेवटी सरकारला तो भाग विशेष आपत्तिग्रस्त जाहीर करावा लागला. निर्जल हायड्रोजन फ्लोराइड साडेएकोणीस अंशांना उकळते, म्हणजे बेळगावच्या डिसेंबरमधल्या पहाटे ते द्रव असेल आणि दुपारी वायू. उद्यमबागेत एवढ्या प्रमाणावर ते नसते. पण राष्ट्रीय महामार्गावरून टँकर जातात, आणि महामार्ग कुणाच्या मालकीचा नसतो.

गुमीत जो चुना नव्हता, तो आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात असतो. जमिनीवर पेस्ट किंवा ॲसिड सांडले तर त्यावर चुन्याची भुकटी किंवा धुण्याचा सोडा टाकायचा. चुन्याने फ्लोराइडचे पुन्हा कॅल्शियम फ्लोराइड, म्हणजे पुन्हा तो निरुपद्रवी दगडच बनतो. वाळू मात्र टाकायची नाही. सांडलेल्या तेलावर वाळू टाकायची सवय इथे उलटते, कारण वाळू म्हणजे सिलिका आणि तिच्याशी हे ॲसिड भिडले की विषारी वायू निघतो. पेस्ट धुतलेले पाणीही थेट गटारात सोडायचे नसते. ते एका टाकीत साठवून, चुना घालून, गाळ बसू द्यायचा. आमच्या शहरात गटाराचे पाणी शेवटी बळ्ळारी नाल्याकडे जाते, आणि नाल्याकाठी शेते आहेत.

पण अंगावर पेस्ट पडली म्हणून तोच खिशातला चुना जखमेवर चोळायचा नाही. चुना स्वतः दाहक आहे. त्याने जखम वाढेल. हळद, बटाटा, टूथपेस्ट, यांचाही काही उपयोग नाही. शरीराला हवे असते कॅल्शियमच, पण सौम्य रूपातले. त्याचे नाव कॅल्शियम ग्लुकोनेट.

उपचाराची रीत अशी. पेस्ट किंवा ॲसिड लागले की त्या क्षणी, दुखायची वाट न पाहता, कपडे, अंगठी, घड्याळ काढून त्या जागेवर वाहते पाणी सोडायचे. जेल जवळ असेल तर पाच मिनिटे पाणी आणि मग जेल. नसेल तर किमान पंधरा मिनिटे पाणी आणि त्यानंतर दवाखान्याच्या वाटेवरही ओले फडके. शेकडा अडीच कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हातात मोजे घालून त्या जागेवर चोळत राहायचे, वाळले की पुन्हा लावायचे, आणि दुखणे थांबल्यावरही पंधरा मिनिटे चालू ठेवायचे. बोटांना लागले असेल तर मोजाच जेलने भरून हात त्यात घालून ठेवतात. ही मोठी सोपी आणि नामी युक्ती आहे. डोळ्यात गेले तर भरपूर पाणी आणि सरळ नेत्रतज्ज्ञ. डोळ्यात जेल घालू नये. पोटात गेले तर उलटी करवू नये. माणूस शुद्धीत असेल तर दूध द्यावे आणि इस्पितळ गाठावे. वाफ हुंगली असेल तर मोकळ्या हवेत नेऊन बसवावे, आणि बरे वाटले तरी डॉक्टरला दाखवावे, कारण फुप्फुसांना सूज कित्येक तासांनंतरही येते.

जेल सगळ्या औषध दुकानांत मिळत नाही, हे खरे. पण कॅल्शियम ग्लुकोनेटचे शेकडा दहाचे इंजेक्शन लहान इस्पितळातही असते. त्याची १० मिलिलिटरची एक कुपी आणि पाण्यात विरघळणारे, डॉक्टर तपासणीला वापरतात ते ३० मिलिलिटर जेल एकत्र ढवळले की शेकडा अडीचचे जेल तयार. हा हिशेब डॉक्टरला आठवण करून दिला तर तो रागावणार नाही. जखमेच्या आत द्यायची इंजेक्शने, हृदयाचा आलेख आणि रक्तातल्या कॅल्शियमची तपासणी, हे सर्व अर्थातच त्याचे काम. एक गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांनीही जाणून घ्यावी: दुखते म्हणून जागा बधिर करून द्या, असा आग्रह धरू नये. इथे वेदना कमी होणे हेच फ्लोराइड बांधले गेल्याचे माप असते. ते माप बंद केले तर डॉक्टर अंधारात काम करतो.

दवाखान्यात शिरताना नुसते ‘ॲसिड पडले’ म्हणू नये. ‘हायड्रोफ्लुओरिक’ हा शब्द उच्चारता येत नसेल तर डबाच सोबत न्यावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. बेळगावात सिव्हिल आहे, केएलईचे मोठे इस्पितळ आहे; निपाणीकडच्या माणसाला कोल्हापूर जवळ पडते. कुठेही जा, पण रात्री नेहमीच्या डॉक्टरकडून मलम आणि सकाळी बघू, हा मार्ग नको.

वापरताना काय हवे? हाताला निओप्रीन किंवा ब्यूटाइल रबराचे जाड, कोपरापर्यंतचे मोजे. पातळ दवाखानी मोज्यांना भोक पडले तरी ते दिसत नाही, आणि आत शिरलेली पेस्ट तिथेच दाबून धरली जाते. चामड्याचे मोजे तर पेस्ट शोषून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाताला लागते. डोळ्यांवर बंद गॉगल, त्यावर चेहऱ्याची ढाल, पायात गमबूट. काम उघड्यावर, आणि वारा कामगाराकडून कामाकडे वाहील अशा बाजूला बसून. हवेतल्या वायूची कामाच्या ठिकाणची मर्यादा दहा लाख भागांत तीन भाग एवढीच असते, तीस भागांना तर जागा तत्काळ सोडायची असते. आणि तंबाखू, चहा, बिडी हे सगळे साबणाने हात धुतल्यावरच.

मोठ्या कारखान्यांत यातले बरेच पाळले जाते. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात सुधारणा होऊन घातक रसायनांची माहिती कामगारांना आणि शेजारपाजाऱ्यांना देण्याची जबाबदारी मालकावर आली, आणि १९८९ मध्ये अशा रसायनांची हाताळणी-साठवणीचे स्वतंत्र नियमही आले. पण चार माणसांचे वर्कशॉप बहुधा कायद्यातल्या ‘कारखान्या’च्या व्याख्येत बसतच नाही. तिथे निरीक्षक येणार नाही. तिथे जी काळजी घेतली जाईल ती मालक घेईल तेवढीच.

पेस्टला पर्यायही आहेत, हे मालकांना बहुधा माहीत असते. फॉस्फोरिक ॲसिडाचा हलका द्रव आणि वीज वापरून जोड साफ करणारी यंत्रे आता मिळतात. पट्टा तिथल्या तिथे जातो आणि धुवायचे पाणीही कमी लागते. बारीकसारीक रेलिंगच्या कामाला स्टेनलेसचा ब्रश आणि सायट्रिक ॲसिडाचे द्रावण पुष्कळदा पुरते. यंत्र महाग पडते, हा आक्षेप मला मान्य आहे. रोजची दोन रेलिंगे करणाऱ्याला ते परवडणार नाही. पण रोज दुधाच्या टाक्या करणाऱ्याला परवडेल, आणि त्याने ते घेतले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्याला पेस्टशिवाय गत्यंतर नाही त्याच्यासाठी किमान एवढे. पेस्ट दुसऱ्या बाटलीत काढू नका. काढावीच लागली तर तिच्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये जाड अक्षरांत ‘विष’ लिहा. डब्याशेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलच्या दोन नळ्या ठेवा, त्यांची मुदत संपत नाही ना हे पाहा, आणि नवा माणूस कामावर आला की ब्रश देण्याआधी त्याला ती नळी उघडून दाखवा. जवळच्या डॉक्टरला आजच सांगून ठेवा की आपल्याकडे हे ॲसिड आहे. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक कर्नाटकात चालतो आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातही.